सोळा मात्रांची घाई

तबल्याच्या क्लासला जाऊ लागलेला माणूस, मग तो आठ वर्षांचा असो की निवृत्तीनंतर 'आता तरी काहीतरी शिकू' म्हणून आलेला असो, दोन-तीन आठवड्यांतच स्वतःच्या बोटांवर खापर फोडून मोकळा होतो. बोटे जाड आहेत, आखूड आहेत, वय झाले, हे सगळे लहानपणीच व्हायला हवे होते. घरच्यांचे निदान वेगळे असते. त्यांच्या मते दोष जोडीचा, कारण ती दुकानदाराने गळ्यात मारलेली आहे. शेजाऱ्यांचे निदान छापण्याजोगे नसते. या सर्व निदानांचा आदर राखून माझे म्हणणे एवढेच की बोटे निर्दोष आहेत, जोडी बहुधा ठीक आहे आणि वयाला मधे ओढण्याचे काही कारण नाही. नवशिक्याला वाजवता बऱ्यापैकी येते. त्याला थांबता येत नाही. दोन मात्रांच्या मधे जी मोकळी जागा असते तिथे त्याला गप्प बसवत नाही, आणि पहिल्या वर्षात तबला शिकायचा म्हणजे मुख्यतः हे गप्प बसणेच शिकायचे असते. फी मात्र पूर्ण द्यावी लागते, म्हणून ही गोष्ट सहसा कोणी आधी सांगत नाही.

पुरावा म्हणून त्रितालाचा ठेका घेऊ, कारण बहुतेकांची गाडी तिथूनच सुटते. सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रांत वेगवेगळे बोल आहेत ते फक्त चार. ज्याने कधीकाळी एकोणतीसचा पाढा पाठ केला आहे त्याला एवढे पाठ व्हायला चहाला आधण येईपर्यंतचा वेळ पुरतो. तेव्हा प्रश्न स्मरणशक्तीचा नाही. आता हाच माणूस मिनिटाला ६० मात्रा अशा संथ लयीत सुरुवात करतो. पहिले आवर्तन आब राखून जाते. दुसऱ्यात थोडी हुशारी येते. पाच-सहा आवर्तने होईपर्यंत ६० चे ९० झालेले असतात आणि वाजवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो; उलट आज हात काय छान चालतोय, अशा आनंदात तो असतो. याचे कारण शोधायला लांब जावे लागते, पण ते सापडते. पॉल फ्रेस नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या या सहज गतीचा बारकाईने अभ्यास केला होता. एखाद्याला नुसते 'तुझ्या सोयीने बोट आपटत राहा' म्हटले, तर दोन ठोक्यांतले अंतर साधारण ६०० मिलिसेकंदांच्या आसपास पडते. म्हणजे मिनिटाला शंभर. गुरुजी मागतात ६०, शरीराला हवे असतात १००, आणि दोघांच्या भांडणात शरीराचे वजन साहजिकच जास्त भरते. दोन ठोक्यांतले अंतर दोनेक सेकंदांच्या पुढे गेले, की ते ठोके एकमेकांचे कोणी लागतात हेच कानाला कळेनासे होते. संथ लय ही सोपी लय, असे समजणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

बरे, कोणी ठोका देत असला म्हणजे तरी माणूस वेळेवर येतो का? येत नाही, वेळेआधी येतो. मेट्रोनोमच्या टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितलेली माणसे टिकटिक होण्याच्या काही मिलिसेकंद, कधी त्याहून बरेच आधीच बोट टेकवतात, हे प्रयोगशाळांत शंभरएक वर्षांपासून दिसत आले आहे. संगीत शिकलेल्यांत ही आघाडी कमी असते, न शिकलेल्यांत जास्त. गंमत अशी की विचारले तर प्रत्येक जण शपथेवर सांगतो, आपण अगदी ठोक्यावर होतो. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचे कारण नाही. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यायच्या आधी समेवर रुमाल टाकून ठेवायचा, हाच नवशिक्याचा एकूण ताल आहे.

या घाईचे सार्वजनिक प्रदर्शन पाहायचे तर भाद्रपदात कोणत्याही घरच्या आरतीला उभे राहावे. पहिली आरती भारदस्त चालीने सुरू होते. दुसरीला झांज अशा एखाद्या भाच्याच्या हाती गेलेली असते ज्याला मोदक दिसत असतात. तिसऱ्या आरतीपर्यंत टाळ्यांनी शब्दांना गाठलेले असते, चौथीला शब्द मागे पडतात आणि घालीन लोटांगणला तर जो तो स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करतो. एकेकट्याने जितकी लय सुटते त्याहून जास्त ती घोळक्यात सुटते, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याच्या थोड्या आधी पोहोचलेल्या टाळीला गाठायला धावतो. २००० साली 'नेचर'मध्ये नाट्यगृहांतल्या टाळ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्रेक्षकांच्या टाळ्या एका लयीत पडू लागतात त्या प्रत्येकाने आपला वेग जवळजवळ निम्म्यावर आणल्यावर, आणि उत्साहाने वेग वाढवला की तो मेळ पुन्हा फुटतो, असे त्यात दिसले. गर्दीला एकत्र यायचे तर सावकाश यावे लागते, एवढा त्याचा सारांश. भाच्याला तो ऐकवून उपयोग नाही.

यावर भजनी मंडळातला एखादा जाणकार लगेच अडवेल. लय चढवणे हा आमच्याकडे दोष नाही, शोभा आहे, असे तो म्हणेल. दिंडीतला गजर संथ सुरू होतो आणि पखवाज अशा टिपेला नेतो की टाळकऱ्यांचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. सतारीचा झाला काय, कीर्तनाचा शेवट काय, सगळीकडे वेगच तर चढतो. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या पखवाजियाच्याच हातात आहे. त्याला म्हणावे, बुवा, आता पुन्हा पहिल्या लयीवर या. तो एका आवर्तनात येतो, आणि बरोबर तिथेच येतो जिथून निघाला होता. नवशिक्याला हेच सांगून पाहा. तो आधी गोंधळतो, मग थांबतो, मग मांडी बदलतो, आणि नंतर जी लय धरतो तिचा पहिल्या लयीशी काही संबंध नसतो. वेग चढवणारा आणि वेगाबरोबर वाहून जाणारा, दोघे वर जाताना सारखेच दिसतात. फरक उतरताना कळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अहो, आधी 'ना' तर नीट वाजू दे, लयीचे नंतर बघू. खरेच, 'ना' पाहण्यासारखा आहे. तर्जनी पुडीच्या कडेवर, म्हणजे चाटेवर पडते. त्याच वेळी अनामिका शाईच्या काठावर हलकेच टेकलेली असते. मधले बोट उगाच मधे येऊ नये म्हणून वर राहते. ही अनामिका फक्त टेकलेली हवी. ती दाबली तर 'टप्' असा आवाज येतो, जणू कोणी पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारली. उचलली तर तबला भलताच मोकळेपणाने बोलून जातो. यामागचे शास्त्र सी. व्ही. रामन यांनी उलगडले. १९२० मध्ये 'नेचर'ला लिहिलेल्या टिपणात आणि १९३४ च्या सविस्तर निबंधात त्यांनी दाखवले की शाईच्या वजनामुळे आपल्या चर्मवाद्यांतले वरचे स्वर सुरेल पटींत बसतात, जे साध्या ढोलाच्या पुडीत बसत नाहीत. अनामिका टेकते ती अशा रेषेवर, की जिथे चामडे त्या कंपनात हलतच नाही. तिच्या टेकण्याने नको ते आवाज मरतात आणि हवा तो उरतो. एवढ्या मोठ्या माणसाने ज्याचा उलगडा केला ते क्लासच्या चटईवर पहिल्याच महिन्यात जमावे, ही अपेक्षा थोडी जास्तच आहे, हे मान्य. पण नवशिक्याचा 'ना' बिघडतो कुठे ते जवळून पाहिले तर बोट पडण्यात चूक क्वचित दिसते. ते पडून राहते. चाटेवर आपटलेली तर्जनी क्षणात परत यायला हवी, पण पुढच्या 'धिं'ची धास्ती घेतलेला हात ती तिथेच विसरतो. हाताला उठायला वेळ मिळत नाही तो मालकाने पुढची मात्रा लवकर मागवल्यामुळे. तोच माणूस निम्म्या लयीत बसवा, बोट उठते आणि 'ना' खणखणतो. तेव्हा बोटांची तक्रारही शेवटी घाईच्याच खात्यावर जमा होते.

डाव्या हाताची कथा तर याहून करुण. ठेक्याच्या दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याने गुमान राहायचे असते. तिं तिं ता, ता. चारच मात्रा. गायकाला, नर्तकाला, ऐकणाऱ्याला, सगळ्यांना आपण आवर्तनात कुठे आहोत हे या चार मात्रांतल्या घुमाऱ्याच्या अभावावरून कळते. चौदाव्या मात्रेला डग्गा परत बोलला की सम जवळ आली हे ओळखून लोक सावरून बसतात. नवशिक्याचा डावा हात हे चार मात्रांचे मौन पाळू शकत नाही. उजवा हात काम करतो आहे आणि आपण रिकामे बसलो आहोत, हे त्याला अपमानकारक वाटत असावे. तो मधेच एक 'घे' घालतो, नकळत, सवयीने, आणि 'तिं'चा 'धिं' होतो. मग सोळा मात्रांचे एकच सरसकट पीठ होते, ज्यात खाली कुठे आणि भरी कुठे हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आपल्या तालपद्धतीने न वाजवण्यासाठी आवर्तनात हक्काची जागा राखून ठेवली, तिला नाव दिले, हाताने दाखवायची खूण दिली, आणि रूपक तालात तर चक्क पहिल्याच मात्रेवर ती बसवली. पूर्वजांना नवशिक्यांची चांगलीच ओळख असली पाहिजे.

तरुण मंडळींचा आक्षेप असा, की तबला ऐकून वेड लागले तेच मुळी वेगामुळे. झाकीर हुसेन यांची बोटे दिसेनाशी झाली तेव्हा जे अंगावर आले तेच आपल्याला हवे आहे. मिनिटाला ६० मात्रांचा त्रिताल ऐकून आजवर कोणी क्लास लावलेला नाही. या युक्तिवादातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्यात हिशेबाची चूक आहे. दुगुन म्हणजे त्याच एका मात्रेत दोन बोल, चौगुन म्हणजे चार. मात्रा तिथेच असते. ती आधी एवढी पक्की हवी की तिचे चार समान तुकडे पाडता यावेत. जी मात्रा दर आवर्तनाला आखडते तिचे चार तुकडे म्हणजे नुसता भुगा. वेगवान वादकाच्या आत कुठेतरी एक अत्यंत संथ माणूस बसलेला असतो, आणि साथीला बसला की तो दिसतो. उस्ताद अहमदजान थिरकवाँ हे एकल वादनातले केवढे मोठे नाव, पण गंधर्व नाटक मंडळीत ते बालगंधर्वांच्या पदांना साथ करत होते, आणि पद गाणाऱ्याला हवा असतो तो ठेका. कसरत नको असते. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झूमऱ्यात गायचे. अशा लयीत चौदा मात्रांचे एक आवर्तन मिनिटाच्या घरात जाऊ शकते, आणि तेवढा वेळ तबलजीने ना पुढे जायचे ना मागे राहायचे. नवशिक्याला हे काम अर्धे आवर्तन दिले, तर तो उरलेल्या अर्ध्यात दोन तिहाया घेऊन टाळ्या मागेल.

ढोल-ताशाची आठवण इथे कोणीतरी काढणारच, आणि काढायलाच हवी. पुण्यातले एखादे पथक गणपतीच्या दोनेक महिने आधी नदीकाठी सराव सुरू करते, त्यात आयुष्यात चमच्याशिवाय काही न वाजवलेली मुले-मुली येतात आणि अनंत चतुर्दशीला ती लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास वाजवतात. मग तबल्याच्याच नवशिक्याला वर्षानुवर्षे का लागावीत? याचे एक उत्तर असे की ढोलवाल्याला लय सांभाळायचीच नसते. ती ताशा सांभाळतो. कमरेला ढोल बांधलेल्याने एका हाताने टिपरू, दुसऱ्याने थापी द्यायची आणि ताशाच्या मागे जायचे. घाई करायची म्हटली तरी आजूबाजूचे दोन डझन ढोल त्याला करू देत नाहीत, आणि केलीच तर ती त्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकातल्या वादकांच्या संख्येवर ३० ची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आवाजाचे जे व्हायचे ते होवो, पण संख्या घटली असती तर नवशिक्यांना लपायची जागा कमी झाली असती, या बाजूने त्या निकालाचा विचार झाल्याचे दिसत नाही. आणि पथकातही खरी परीक्षा कुठे होते? सगळे ढोल एकदम थांबतात तिथे. तो थांबण्याचा क्षण येतो, शांतता पसरते, आणि तिच्यात कुठून तरी एकच उशिरा निघालेला 'धप्प' ऐकू येतो. शंभर जणांच्या माना त्या दिशेला वळतात. वाजवण्यात चुकलेला सापडत नाही. थांबण्यात चुकलेला सापडतो.

आता राहिले ॲप. फोनवर इलेक्ट्रॉनिक तबला आहे, लेहरा आहे, मात्रा पाहिजे तेवढी हळू करा, मग घाईचा प्रश्नच कुठे उरतो, असे तंत्रज्ञानावर भरवसा असणारे म्हणतात. उपकरण चांगले आहे, त्याला थकवा नाही आणि चेष्टा करत नाही. पण ते कोणाला थांबवतही नाही. नवशिक्या त्याच्यासोबत न वाजवता त्याच्याशी शर्यत लावतो आणि जिंकतो. वर सांगितलेली आघाडी इथे फुकट मिळते. काही दिवसांनी तो ॲपमधली लय ६० वरून ८० वर नेतो आणि त्याला प्रगती म्हणतो. जे रियाज चुकवतात त्यांच्यासाठी याहून जुना आणि अधिक प्रतिष्ठित मार्ग आहे, तो म्हणजे तबला लावणे. हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत, गजऱ्यावर टकटक करत, मान वाकडी करून स्वर ऐकत अर्धा तास सहज काढता येतो, आणि घरातल्या कोणालाही त्याला हटकायची छाती होत नाही.

ताल रक्तात असावा लागतो, हा सगळ्यांत लोकप्रिय आक्षेप, कारण त्यात कोणालाच काही करावे लागत नाही. तो २००९ मध्येच निकाली निघाला असे मी धरतो. हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाच्या ठेक्याची आवर्तने ऐकवली आणि मधूनच पहिला ठोका गाळला, तेव्हा त्यांच्या मेंदूने काहीतरी चुकल्याची नोंद केली. ठोका न कळणारी माणसे जगात असतात, पण ती इतकी विरळा की एखादी सापडली तर तिच्यावर शोधनिबंध लिहिला जातो. म्हणजे सम कुठे यायला हवी होती हे ज्याने अजून डोळे नीट उघडलेले नाहीत त्यालाही समजते. नवशिक्यालाही समजते. फक्त स्वतः वाजवत असताना तो ऐकत नाही, कारण ऐकण्यासाठी जी मोकळी जागा लागते तीच त्याने पुढच्या बोलाने भरून टाकलेली असते.

जुन्या गुरुजींनी यावर काढलेला तोडगा अगदी साधा आहे: तबल्याला हातच लावू द्यायचा नाही. आधी तोंडाने बोल म्हणायचे, हाताने टाळी-खाली दाखवायची, आणि ते घटकाभर एकाच लयीत जमले की मग पुडीजवळ बसायचे. पढंतीत घाई लपत नाही, लगेच धाप लागते. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेतही मुलाला हाताने ताल दाखवायला सांगतात तो यासाठीच. पण या मार्गातली व्यावहारिक अडचण कोणी बोलून दाखवत नाही. जो शिक्षक मुलाला चार महिने एका त्रितालावर बसवून नुसते बोल म्हणायला लावतो, त्याच्याकडचा मुलगा पाचव्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत जातो, जिथे महिनाभरात केरवा शिकवून त्यावर सिनेमाचे गाणे बसवून देतात. म्हणून बहुतेक शिक्षकांनी तडजोड केली आहे. वार्षिक कार्यक्रमात वीस मुले एका ओळीत बसतात, लेहऱ्याला पेटी असते, त्रिताल संथ सुरू होतो आणि नियमाप्रमाणे पळू लागतो. पेटीवाला अनुभवी असतो. तो मुलांना आवरत नाही, त्यांच्या मागोमाग आपला लेहरा पळवतो, आणि शेवटची तिहाई जिथे कुठे संपेल तिथे सम टेकवून मोकळा होतो. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. गाडीकडे जाताना वडील आईला म्हणतात, गेल्या वर्षीपेक्षा हात किती सुटलाय बघ. आणि आई म्हणते, मग आता याला पुढच्या परीक्षेला बसवायला काय हरकत आहे?